दुःस्वप्नांवर जागेपणीचे उपचार

आठवड्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा भयंकर स्वप्नाने दचकून उठणारी, आणि पुढचा दिवसही त्या स्वप्नाच्या सावटाखाली काढणारी माणसे प्रौढांमध्ये सुमारे ४ टक्के असावीत, असा निद्रावैद्यकातील सर्वसाधारण अंदाज आहे. यांपैकी फार थोडी माणसे ही तक्रार घेऊन डॉक्टरकडे जातात. ती निद्रानाशाविषयी बोलतात, डोकेदुखीविषयी बोलतात, दिवसा चिडचिड होते असे सांगतात. पण स्वप्नाचा उल्लेख करणे त्यांना पोरकट वाटते, आणि डॉक्टरही तो प्रश्न सहसा विचारत नाहीत. मानसोपचाराच्या क्षेत्रातही दीर्घकाळ असे मानले गेले की दुःस्वप्न हे आतल्या एखाद्या विकाराचे केवळ लक्षण असून मूळ विकार बरा झाला की ते आपोआप थांबेल. गेल्या चार दशकांतील संशोधनाने या समजुतीला मोठा छेद दिला आहे. दीर्घकाळ टिकलेले दुःस्वप्न, त्याचा उगम आघातात असो, ताणात असो वा अन्य कशात, कालांतराने उगमापासून सुटून स्वतंत्रपणे चालू राहते. म्हणून त्यावर थेट उपचार करता येतात, हे उपचार माणूस जागा असताना करावयाचे असतात, आणि त्यांसाठी स्वप्नाचा गूढार्थ शोधण्याची गरज पडत नाही. प्रस्तुत लेखात या उपचारांचे स्वरूप रुग्ण, कुटुंबीय आणि नवशिके समुपदेशक यांना उपयोगी पडेल अशा रीतीने मांडले आहे.

दुःस्वप्न कशाला म्हणावे

झोप एकसलग नसते. सुमारे ९० मिनिटांचे एक आवर्तन, अशी चार ते सहा आवर्तने रात्रभरात होतात आणि प्रत्येक आवर्तनात उथळ झोप, गाढ झोप व ‘आरईएम’ झोप या अवस्था येऊन जातात. आरईएम म्हणजे जलद नेत्रचलनाची झोप. या अवस्थेत बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात, मेंदू जागेपणाइतकाच कार्यरत असतो आणि शरीराचे स्नायू मात्र जवळजवळ पूर्णपणे शिथिल केलेले असतात. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि सुस्पष्ट, कथानकासारखी स्वप्ने मुख्यतः याच अवस्थेत पडतात हे त्यानंतर लक्षात आले. रात्रीच्या पूर्वार्धात ही अवस्था थोडा वेळ टिकते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे बहुतेक दुःस्वप्ने उत्तररात्री किंवा पहाटे पडतात.

‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ ही समजूत मराठी घरांत सर्वत्र आढळते, आणि दुःस्वप्नांनी त्रस्त असलेल्या माणसाला ती विशेष जाचते, कारण त्याची जवळजवळ सगळीच भयस्वप्ने पहाटेची असतात. आईचा मृत्यू स्वप्नात पाहिलेली व्यक्ती दिवसभर आईला फोन करत राहते, आणि स्वप्नाचे भय अशा रीतीने भविष्याच्या भयात मिसळते. पहाट आणि स्वप्न यांचा संबंध झोपेच्या रचनेतून आलेला आहे, एवढे समजावून सांगितले तरी काही रुग्णांचा निम्मा भार उतरतो. ज्यांचा ओढा परंपरेकडे आहे त्यांना हेही सांगता येते की चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज असे सात प्रकार मानले असून, पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींतून उपजणारी पहिली पाच प्रकारची स्वप्ने वैद्याने निष्फळ समजावीत असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

वैद्यकीय अर्थाने दुःस्वप्न-विकाराचे निदान करण्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात: स्वप्न दीर्घ आणि अत्यंत क्लेशदायक असून त्यात बहुधा जीविताला, सुरक्षिततेला किंवा प्रतिष्ठेला धोका असतो व जाग आल्यावर ते तपशिलांसह आठवते, जाग येताच माणूस पटकन पूर्ण भानावर येतो, आणि या स्वप्नांमुळे झोप, काम किंवा नातेसंबंध यांवर परिणाम झालेला असतो. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार हा त्रास ६ महिने किंवा त्याहून अधिक काळ चालू असेल तर त्याला चिवट स्वरूपाचा मानावे, आणि आठवड्याला एकाहून कमी स्वप्ने म्हणजे सौम्य, एक वा अधिक पण रोज नव्हे म्हणजे मध्यम, आणि दर रात्री म्हणजे तीव्र, अशी प्रतवारी करावी. वर्षातून चार-दोनदा वाईट स्वप्न पडणे हा आजार नव्हे. तो जवळजवळ सर्वांच्या वाट्याला येणारा अनुभव आहे.

दुःस्वप्नासारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या उपचारांची गरज असणाऱ्या काही अवस्था आधी बाजूला काढाव्या लागतात, आणि येथे झालेली गल्लत महागात पडू शकते. लहान मूल झोपी गेल्यावर तास-दीड तासाने किंचाळत उठून बसते, डोळे उघडे असतात, घामाने भिजलेले असते, आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तेव्हा ते दुःस्वप्न नसून रात्रभय असते. ते गाढ झोपेतून अर्धवट जागे झाल्यामुळे येते, आणि मुलाला हलवून जागे करण्यापेक्षा त्याला इजा होऊ न देता शांतपणे पुन्हा झोपू देणे इष्ट ठरते. जाग आली आहे पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसले आहे आणि खोलीत कोणी तरी उभे आहे, असा अनुभव म्हणजे आरईएममधील स्नायूंचे शैथिल्य जाग आल्यानंतरही काही क्षण रेंगाळणे होय. भूतबाधेच्या अनेक कहाण्यांचे मूळ या काही क्षणांत असावे. याउलट ज्या अवस्थेत हे शैथिल्यच नाहीसे होते, तिच्यात माणूस स्वप्नातील मारामारी प्रत्यक्ष करू लागतो, शेजारी झोपलेल्या जोडीदाराला लाथा-बुक्क्या बसतात, आणि तो स्वतः पलंगावरून खाली पडतो. कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये मिनेसोटा येथून वर्णन केलेली ही अवस्था मुख्यतः पन्नाशीनंतरच्या पुरुषांत आढळते आणि पुढे पार्किन्सनसारख्या मेंदूविकाराची ती पूर्वसूचना ठरू शकते. म्हणून अशा रुग्णाने समुपदेशकाकडे न थांबता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या आणि बुडण्या-गुदमरण्याची स्वप्ने सांगणाऱ्या माणसाची आधी निद्राश्वसनरोधासाठी तपासणी व्हावी.

एकदा पडलेले स्वप्न पुन्हा पुन्हा का पडते

निद्रानाशाच्या अभ्यासात आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात मांडलेली एक विभागणी दुःस्वप्नांनाही चांगली लागू पडते. तिच्यानुसार काही कारणे प्रवृत्ती घडवतात, काही प्रसंगाला तोंड फोडतात आणि काही तो प्रसंग टिकवून धरतात. संवेदनशील स्वभाव, बालपणातील असुरक्षितता, घराण्यात असा त्रास असणे ही पहिल्या प्रकारची कारणे. अपघात, अत्याचार, मृत्यू, बाळंतपण, परीक्षा, नोकरी जाणे ही दुसऱ्या प्रकारची. या दोहोंबाबत उपचारकाला फारसे काही करता येत नाही, कारण ती घडून गेलेली असतात. उपचाराचा खरा विषय तिसऱ्या प्रकारची कारणे हा आहे, आणि नेमक्या याच कारणांविषयी रुग्णाला व कुटुंबाला कोणी काही सांगितलेले नसते.

यांतील पहिले कारण म्हणजे टाळणे. भयंकर स्वप्न पडले की माणूस ते आठवू नये म्हणून धडपडतो, घरचेही ‘वाईट स्वप्न होते, विसरून जा’ असे सांगतात, आणि वाईट स्वप्न बोलून दाखवू नये अशी रीतही अनेक घरांत पाळली जाते. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. डॅनिअल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे एखाद्या ठरावीक व्यक्तीचा विचार दडपण्यास सांगितलेल्या लोकांच्या स्वप्नांत ती व्यक्ती अधिक वेळा आली. दडपलेला विचार झोपेत उसळून वर येतो, असा त्याचा अर्थ. शिवाय भीतीदायक गोष्ट मनाने शेवटपर्यंत पाहिली, तिच्यापासून प्रत्यक्ष अपाय झाला नाही, तरच भीती ओसरते. दुःस्वप्नात हे घडत नाही, कारण भय शिगेला पोहोचताच जाग येते. जागेपणी तो विषय टाळला जातो, आणि स्वप्नाचे कथानक दर वेळी त्याच टोकाशी तुटत राहते.

दुसरे कारण झोपेचीच भीती. स्वप्न पडेल म्हणून माणूस उशिरापर्यंत जागतो, मोबाइल पाहत राहतो, दिवा चालू ठेवतो, मध्यरात्री जाग आल्यावर परत पडायला तयार होत नाही. अशा तऱ्हेने तुटलेली झोप नंतर आरईएमची तूट भरून काढू पाहते आणि स्वप्ने अधिक तीव्र होतात. मद्याचा परिणामही याच मार्गाने होतो: ते रात्रीच्या पूर्वार्धात आरईएम दाबून टाकते आणि शरीरातून उतरताच उत्तरार्धात ती अवस्था दुप्पट जोराने परतते, त्यामुळे स्वप्ने विसरण्यासाठी घेतलेली दारू पहाटेच्या स्वप्नांना खतपाणी घालते. ज्यांच्यावर संकट झोपेतच कोसळले त्यांच्या बाबतीत अंथरूण हेच धोक्याचे ठिकाण होऊन बसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गावे झोपलेली होती, आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली तीही रात्रीच. अशा आपत्तीतून वाचलेल्या माणसाला स्वप्नांविषयी विचारताना, कुठे झोपता, दाराच्या किती जवळ झोपता, रात्री कितीदा उठून पाहता, हे प्रश्न सोडून चालत नाही.

तिसरे कारण म्हणजे स्वप्नाला दिलेला अर्थ. ‘वेड लागत आहे’, ‘पूर्वीचे पाप आहे’, ‘कोणी तरी करणी केली आहे’ किंवा, काही अर्धशिक्षित समुपदेशकांच्या कृपेने, ‘मनात दडलेली विकृत इच्छा आहे’ असा अर्थ लावला गेला की दिवसभराची चिंता वाढते, आणि टोरे नील्सन व रॉस लेव्हिन यांच्या २००७ च्या मांडणीप्रमाणे दिवसभरात साचलेला भावनिक भार हाच दुःस्वप्नांचे प्रमाण वाढवणारा एक मुख्य घटक असतो. रात्री रामरक्षा म्हणून झोपण्याची प्रथा येथे अपायकारक ठरत नाही, उलट ठरावीक वेळ, संथ लय आणि आश्वासन यांमुळे मन निवते. रामरक्षा शंकराने स्वप्नात सांगितली असे तिच्यातच म्हटलेले असल्यामुळे स्वप्नाविषयी बोलायला ती एक सोयीची जागाही देते. उतारे, गंडे आणि त्यांवरचा खर्च यांविषयी मात्र असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक नवा उतारा स्वप्न खरोखरच घातक आहे ही समजूत पक्की करतो.

उपचारापूर्वीची विचारपूस

पहिल्या एक-दोन भेटींत उपचारकाने स्वप्नांची वारंवारता, तीव्रता, वेळ आणि विषय यांची नोंद घ्यावी, आणि रुग्णाला दोन आठवडे रोजनिशी ठेवण्यास सांगावे; तीत झोपेची व उठण्याची वेळ, स्वप्नाचा एक-दोन ओळींत सारांश आणि भीतीची तीव्रता शून्य ते दहा या मापाने लिहावी. संपूर्ण स्वप्न रोज तपशीलवार लिहिण्याचा आग्रह या टप्प्यावर धरू नये. घेतल्या जाणाऱ्या सर्व औषधांची यादी मागावी, कारण रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल व मेटोप्रोलॉलसारखी बीटा-रोधक औषधे, पार्किन्सनवरील लेव्होडोपा, विस्मृतीवरील डोनेपेझिल, तंबाखू सोडण्यासाठी दिले जाणारे व्हॅरेनिक्लिन आणि दमा-अ‍ॅलर्जीवरील माँटेलुकास्ट यांमुळे काही जणांना भयस्वप्ने पडू शकतात, आणि काही नैराश्यविरोधी औषधे अचानक बंद केल्यासही तसे होते. माँटेलुकास्टच्या मानसिक दुष्परिणामांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वोच्च दर्जाची इशारासूचना लागू केली, आणि ही गोळी आपल्याकडे मुलांनाही दिली जात असल्याने पालकांना हे माहीत असावे. तथापि कोणतेही औषध रुग्णाने स्वतः बंद करू नये. वेळ बदलणे, मात्रा बदलणे किंवा पर्याय देणे हे काम डॉक्टरांचे आहे.

आत्महत्येच्या विचारांविषयी स्पष्ट शब्दांत विचारणे हा या विचारपुशीचा अटळ भाग आहे. वारंवार पडणारी दुःस्वप्ने आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध, नैराश्य बाजूला काढून पाहिले तरी, अनेक अभ्यासांत आढळला आहे. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो हा गैरसमज उपचारकाने आणि नातेवाइकांनीही टाकून द्यावा.

स्वप्न पुन्हा लिहिणे

सर्वाधिक पुराव्याचा आधार असलेला उपचार म्हणजे ‘इमेजरी रिहर्सल थेरपी’, मराठीत त्याला प्रतिमा-सराव उपचार म्हणता येईल. त्याची बीजे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेल्या एका रुग्णाच्या उपचारात सापडतात. पुढे न्यू मेक्सिको येथील बॅरी क्रॅकाऊ आणि सहकाऱ्यांनी त्याला आजचे रूप दिले. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर केलेला त्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अवघ्या काही बैठकींनंतर उपचार घेतलेल्या गटात दुःस्वप्ने कमी झाली, झोप सुधारली व आघातोत्तर ताणविकाराची अन्य लक्षणेही घटली, असे त्यात दिसून आले. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१८ च्या आपल्या भूमिकापत्रात आघातजन्य आणि इतर, अशा दोन्ही प्रकारच्या दुःस्वप्नांसाठी याच उपचाराची शिफारस केली आहे.

पद्धत सांगायला सोपी आहे, आणि म्हणूनच ती घाईने उरकली जाण्याचा धोका असतो. प्रथम दुःस्वप्न ही शिकली गेलेली व बदलता येणारी गोष्ट आहे हे रुग्णाला पटवून द्यावे लागते. त्यानंतर डोळे मिटून सुखद किंवा तटस्थ दृश्य मनापुढे आणण्याचा सराव करून घ्यावा, कारण वर्षानुवर्षे भीतिदायक प्रतिमांशी झुंजणाऱ्या माणसाची कल्पनाशक्ती बोथट झालेली नसली तरी ती वापरण्याची त्याला धास्ती बसलेली असते. मग एक स्वप्न निवडावे. ते सर्वांत भयंकर असू नये, आणि प्रत्यक्ष घडलेल्या आघाताची जशीच्या तशी पुनरावृत्ती असलेले तर सुरुवातीला मुळीच असू नये. ते थोडक्यात लिहावे, रुग्णाला वाटेल तसे बदलावे, बदललेले स्वप्न नव्याने लिहावे, आणि रोज जागेपणी १० ते २० मिनिटे केवळ या नव्या स्वप्नाचा मनोमन सराव करावा. जुने स्वप्न पुन्हा उगाळायचे नसते. आठवड्याला एक किंवा फार तर दोन स्वप्नांवर काम करावे.

समजा, पन्नाशीच्या एका गृहस्थांना अनेक वर्षांपासून असे स्वप्न पडते की ते एसटीने घाट उतरत आहेत, चालकाची जागा रिकामी आहे, गाडीचा वेग वाढत चालला आहे, त्यांची मुलगी पुढच्या बाकावर बसलेली आहे आणि तिच्यापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. गाडी दरीकडे कलते आणि जाग येते. हे स्वप्न बदलण्यास सांगितल्यावर एखादा रुग्ण शेवट बदलेल व गाडी चढाला लागून थांबल्याचे लिहील. दुसरा सुरुवातच बदलेल, गाडी अजून स्थानकात उभी आहे, वाहक तिकिटे फाडतो आहे, आणि खाली उतरून चहा घेण्याइतका वेळ आहे. तिसरा फक्त एवढेच लिहील की मुलगी शेजारच्या आसनावर बसली आहे आणि तिचा हात त्याच्या हातात आहे. यांपैकी कोणता बदल चांगला हे उपचारकाने ठरवू नये. चालक नसणे म्हणजे वडिलांचे छत्र हरपणे, असा अर्थ लावून तो रुग्णावर लादण्याचा मोहही येथे आवरावा लागतो. रुग्णाला स्वतःहून तसे काही सुचले तर ते ऐकून घ्यावे आणि पुन्हा बदलाच्या कामाकडे वळावे. बदलाचे स्वातंत्र्य हाच या उपचाराचा गाभा असावा, कारण जो माणूस स्वप्नात असहाय प्रेक्षक होता तो आता त्याचा लेखक होतो. इतकी एकच मर्यादा सांभाळावी की पाठलाग करणाऱ्याला ठार मारण्यासारखा हिंसक बदल सहसा कमी उपयोगी ठरतो. त्याऐवजी सुटका, मदत किंवा परिस्थितीवर ताबा मिळण्याचा आशय अधिक मानवतो.

पहिल्या काही दिवसांत स्वप्ने थोडी वाढल्यासारखी वाटू शकतात, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे रुग्ण उपचार सोडून देत नाही. अनेक रुग्णांना आणखी एका गोष्टीचे कोडे पडते: नवे स्वप्न रात्री पडतच नाही. तसे पडण्याची अपेक्षाही नसते. बहुधा जुने स्वप्न विरत जाते, त्याचा क्रम तुटतो, भय कमी होते, किंवा त्याच्या मध्येच ‘हे तेच स्वप्न आहे’ अशी जाणीव होते, आणि काही आठवड्यांत जाग येण्याचे प्रमाण घटते. ज्या दुःस्वप्नांवर काम केलेलेच नाही तीही बऱ्याचदा कमी होतात, आणि या निरीक्षणामुळेच दुःस्वप्न ही शिकली गेलेली सवय असते या सिद्धान्ताला बळ मिळते.

इतर मार्ग

आघातजन्य दुःस्वप्नांसाठी अमेरिकेतील तल्सा विद्यापीठाच्या जोअ‍ॅन डेव्हिस यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तीन घटक जोडलेले आहेत: स्वप्न लिहून मोठ्याने वाचणे, म्हणजे भीतीला थेट सामोरे जाणे, स्नायू क्रमाने ताणून सैल सोडण्याचा व दीर्घ श्वसनाचा सराव, आणि पुनर्लेखन. सुरक्षितता, विश्वास, सामर्थ्य, जवळीक आणि आत्मसन्मान यांपैकी कोणता विषय स्वप्नात घुटमळतो ते पाहून त्यानुसार बदल करण्यावर येथे भर असतो. हा उपचार परिणामकारक असला तरी प्रशिक्षित उपचारकाविना तो करू नये. दुःस्वप्नांसोबत जागेपणीही आघाताची दृश्ये अचानक उसळत असतील, माणूस विशिष्ट रस्ते व माणसे टाळत असेल आणि सतत सावध राहत असेल, तर आघातोत्तर ताणविकारावरील पूर्ण उपचार हवेत. ते पूर्ण झाल्यावरही स्वप्ने उरली, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ती उरतात, तर त्यांवर वेगळे काम करावे.

स्वप्नात असताना हे स्वप्न आहे हे ओळखून ते वळवण्याचे प्रशिक्षणही दिले जाते. काहींना त्याचा लाभ होतो. पण ते जमायला वेळ लागतो आणि समाजमाध्यमांवर त्याचा जितका गाजावाजा आहे तितका पुरावा त्यामागे नाही. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक लक्षवेधी आहे: दुःस्वप्न-विकार असलेल्या ३६ जणांना प्रतिमा-सराव उपचार दिला गेला, त्यांतील निम्म्यांनी नवे स्वप्न कल्पिताना पियानोचा एक स्वर-मेळ ऐकला, आणि पुढील दोन आठवडे तोच स्वर-मेळ आरईएम झोपेत त्यांना ऐकवला गेला, या गटात सुधारणा अधिक झाली आणि ती तीन महिन्यांनंतरही टिकून होती. अर्थात हा अभ्यास छोटा आहे.

औषधांपैकी प्राझोसिनचा बोलबाला सर्वाधिक. हे मुळात रक्तदाबावरचे औषध, आणि कोकणातील वाचकांना ते वेगळ्याच संदर्भात परिचित असेल, कारण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर त्याचा उपयोग करून असंख्य जीव वाचवले. दंशानंतर शरीरात उसळणाऱ्या अ‍ॅड्रेनलिन-वर्गीय रसायनांचा रक्तवाहिन्यांवरील प्रभाव ते रोखते. आघातानंतरच्या झोपेतही याच वर्गातील नॉरअ‍ॅड्रेनलिनचा जोर वाढलेला असतो, या तर्काने मरे रॅस्किंड यांनी ते अमेरिकेच्या माजी सैनिकांना दिले. सुरुवातीचे लहान अभ्यास उत्साहवर्धक होते, परंतु ३०४ माजी सैनिकांवरील २०१८ च्या मोठ्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. काही रुग्णांना त्याने निश्चित फायदा होतो, म्हणून तज्ज्ञ ते अजूनही वापरतात. पण पहिल्या मात्रेनंतर उभे राहताना रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते, त्यामुळे ते मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे. झोपेसाठी सर्रास दिली जाणारी क्लोनाझेपाम ही गोळी दुःस्वप्नांवर शिफारसपात्र मानलेली नाही, आणि तिची सवय लागते. आपल्याकडे ती ज्या सहजतेने वर्षानुवर्षे चालू ठेवली जाते ती चिंतेची बाब आहे.

घरच्यांनी काय करावे

झोपेत कण्हणाऱ्या किंवा ओरडणाऱ्या माणसाला अंगावर झुकून, खांदे धरून गदागदा हलवू नये. विशेषतः हिंसाचार सोसलेल्या व्यक्तीला तो हल्लाच वाटू शकतो. थोड्या अंतरावरून नावाने हाक मारावी, मंद दिवा लावावा, आणि ती कुठे आहे व कोण जवळ आहे हे साध्या शब्दांत सांगावे. पाणी द्यावे. त्या घटकेला स्वप्नाची चौकशी करू नये आणि त्याचा अर्थही सांगू नये. दुसऱ्या दिवशी व्यक्तीला बोलावेसे वाटले तर मात्र ‘विसरून जा’ असे म्हणून विषय मोडून टाकू नये. एका खोलीत चार-पाच जण झोपतात अशा घरात ओरडून उठणाऱ्याला शरमेची भावना मोठी असते, आणि सकाळी केलेली थट्टा, ती प्रेमाची असली तरी, त्याला पुढच्या रात्री जागे ठेवते. नव्याने सासरी आलेल्या मुलीच्या बाबतीत ही शरम अनेकदा उपचाराच्या आड येते. तिच्या पतीने सोबत जाऊन पहिली भेट घडवून आणली तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

मुलांमधील दुःस्वप्ने बहुधा वयानुसार कमी होतात. ती वारंवार पडत असतील तर मुलाला स्वप्नाचे चित्र काढू द्यावे आणि मग त्याच कागदावर किंवा नव्या कागदावर त्याला हवा तो बदल चितारू द्यावा. राक्षसाला झबले घालावे की त्याला शाळेत पाठवावे हे मुलानेच ठरवावे. मूल अचानक स्वप्नांनी घाबरू लागले, अंथरूण ओले करू लागले किंवा एखाद्या माणसाजवळ जायला तयार होईना, तर त्याच्यावर काही प्रसंग ओढवला आहे का, याचा शोध घेणे हे चित्र काढून घेण्यापेक्षा निकडीचे असते.

उपचारक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ पाहावेत, आणि दुःस्वप्नांवर थेट काम करता का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध असून त्यावर मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट न पाहता याच क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात तत्काळ संपर्क साधावा. उपचाराने थांबलेली स्वप्ने एखादा मृत्यू, आजारपण, न्यायालयातील साक्ष किंवा आघाताचा वर्षदिन अशा निमित्ताने परत येऊ शकतात. तसे झाल्यास पूर्वीची वही काढून नव्या स्वप्नाचा सराव दोन-तीन आठवडे पुन्हा सुरू करावा, आणि तेवढ्याने उतार न पडल्यास उपचारकाची एखादी भेट घ्यावी.